भिंतीपलीकडची बत्ती

२० जुलै, रविवार
हे कट्ट्याच्या बाजारात कांदे आणायला गेले आणि रिमोट घेऊन आले. कांदे विसरले. साधासुधा रिमोट नाही म्हणे. टीव्ही, पंखा, घरातल्या झाडून सगळ्या बत्त्या, सगळ्याला हा एकच. सोबत बाबलो वायरमन. त्याने प्रत्येक बोर्डाच्या मागे काड्यापेटीएवढी डबी बसवली, भिंतीला हात लावून लावून काळी केली. जेवायला त्यालाही वाढलं. आमटी कांद्याशिवाय.
"आता उठाचा नाय नि बसाचा नाय. खाटीर पडान सगळा!" हे म्हणाले.
रिटायर झाल्यापासून हा माणूस तसाही कधी उठत होता?

२२ जुलै
पंखा म्हणून दाबलं आणि स्वयंपाकघर काळोखात. फोडणी करपली. रिमोटवर बटणंच बटणं, सगळी सारखी. शेवटी नेलपॉलिशने खुणा केल्या. लाल पडवी, गुलाबी स्वयंपाकघर. देवघराला काही न लावता तसंच ठेवलं. "रिमोट नटवलंस काय गो?" म्हणे. करपलेली आमटी खाल्ली मुकाट.

२४ जुलै, दिव्याची अवस
समया, निरांजनं घासून पुसून पाटावर मांडली. ह्यांनी शेजारी रिमोट ठेवला. "ह्यो पण दिवोच." वाद कुठे घाला, त्यालाही हळदकुंकू वाहिलं. कुंकू बटणात गेलं. आता पडवीचं बटण कधी कधी दोनदा दाबावं लागतं.
तिन्हीसांजेला बत्ती लागली की हात जोडायचे, लहानपणापासूनची सवय. हे चालू-बंद, चालू-बंद करून बघत होते आणि मी पिठाच्या हातांनी नमस्कारावर नमस्कार. देवही कंटाळला असेल.
बाहेर खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, थोरले भावोजी उभे. उघडीप होती. टक लावून आमची बत्ती बघत होते. माझ्याकडे नजर गेली तसे आभाळाकडे बघायला लागले. ह्या दोघा सख्ख्या भावांत दोन वर्षं शब्द नाही. एकाच छपराखाली राहतात, मधे भिंत एका विटेची. पलीकडे कोणी शिंकलं तर इकडे कळतं.

२७ जुलै, रविवार
बाबलो पलीकडे. हातात तसंच खोकं, त्याच दुकानातलं, तोच रंग.
"माझा बघून घेतल्यान!" हे दिवसभर फुगून. आणि मनातून खूश. दादाने आपलं बघून काही घ्यावं, हे ह्यांच्या जन्मात पहिल्यांदा.

२९ जुलै, नागपंचमी
गणपतीच्या शाळेत, मूर्ती घडवतात तिथे, पाट नेऊन दिला. मूर्तिकाराने पहिलाच प्रश्न टाकला, "औंदा मधुदादा आणतलो मा?" हे म्हणाले, "बघूया." मी चिखलाकडे बघत राहिले.
घराची वाटणी झाली तरी गणपतीची झाली नाही. गणपती एकच, देवघर आमच्या वाट्याला म्हणून आमच्याकडे बसतो. आणायचा मात्र थोरल्याने, डोक्यावर घेऊन, शेताच्या बांधाबांधाने. मला ह्या घरात येऊन तीस-एक वर्षं होतील, तेव्हापासून मधुभावोजीच आणत. मग दोन वर्षांमागे ह्यांनी पळत्या लायटींची माळ आणली. भावोजी म्हणाले, "देवाक भोवळ येतली." हे म्हणाले, "तुका काय कळता?" आरती अर्ध्यावर, भावोजी ताम्हन ठेवून निघून गेले. झालं. भांडायला निमित्त लागतं ते किती, तर दहा हात वायर.
गेल्या वर्षी गणपती रिक्षातून आला. हे देवाला मांडीवर घेऊन. खड्डा आला की देवाची माफी मागत होते. भावोजींनी पाचही दिवस खळ्यातूनच हात जोडले. मी आत मोदक वळत होते आणि रडत होते, नारळाच्या वाफेने डोळे चुरचुरतात असं सांगितलं सगळ्यांना.
यंदा तसं नको. एवढंच मागणं आहे.

१ ऑगस्ट
विहिरीवर मंगलवयनी भेटली. आम्हा जावांचं बोलणं कधी बंद पडलं नाही, फक्त विहिरीवर असतं.
"सुलू, आमच्याकडची बत्ती आपणाक व्हया तशी जाता गो. काल हे दाढी करीत होते. काळोख. परत उजेड. अर्धी मिशी गेली."
मी सांगितलं आमच्याकडेही तसंच. हे म्हणतात व्होल्टेज. वयनीने आवाज खाली घेतला, "जाग्याचो राखणदार कोपलो आसा. घराचे दोन भाग केले ता तेका आवडला नाय."
भावोजी संध्याकाळी मिशीशिवाय दिसले. अगदी सासऱ्यांसारखे दिसतात.

३ ऑगस्ट, रविवार
कळलं!! हे झोपले होते दुपारचे. मी पडवीच्या खिडकीत उभी राहून लाल बटण दाबलं. आमची पडवी लागली, आणि पलीकडची पण लागली. परत दाबलं. दोन्ही गेल्या. भावोजी आतून ओरडले, "मंगल, बघ बघ, परत इलो!"
हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला.
म्हणजे राखणदार म्हणजे आम्हीच. आमचा राखणदार ते आणि त्यांचा आम्ही.
सांगायचं का? सांगितलं तर हे म्हणणार दादाने मुद्दाम तसलाच घेतला, भावोजी म्हणणार वसंताने मुद्दाम माझी मिशी घालवली. नको. गणपतीपर्यंत तोंड बंद.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
हे लिहायलाच हवं.
भावोजींनी दिवेलागणीला खळ्यात राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. श्रावण म्हणून कोंबडा पुढे ढकलला, नारळ आणि विड्यांचं बंडल ठेवलं. गाऱ्हाण्याला पाठीमागे "व्हय म्हाराजा" म्हणायला माणसं लागतात. पूर्वी पडवीभर असायची. आज एकटी मंगलवयनी, तिचा घसा बसलेला.
आम्ही इकडे पडवीत. हे टीव्हीकडे तोंड करून, टीव्ही बंद.
"ह्या जाग्याच्या राखणदारा, ही विडी-नारळ मान्य करून घे म्हाराजा."
"व्हय म्हाराजा," वयनी, बारीक.
"आमच्या बत्तीर कोण बोट ठेवता ता तू बघ म्हाराजा."
"व्हय म्हाराजा."
मग थोडं थांबून, "माझो धाकटो भाव वसंत. तेची पाठ दुखता, ती बरी कर. तेचो माझ्यार राग आसा, तो रवांदे. पण तेच्या घरात काळोख करू नको म्हाराजा."
आणि हे बसल्या जागेवरून, मोठ्याने, "व्हय म्हाराजा!"
आयुष्यभराची सवय. तोंडातून निघालं ते निघालं. मग लागले खोकायला, जोरजोरात, जसं काही तो आवाज खोकल्याचाच होता.
मी आत गेले. भात झाला होता तरी ढवळत बसले.

९ ऑगस्ट
विहिरीवर वयनी, डोळे मोठे करून, "काल राखणदारान हुंकार दिल्यान गो! आमचे हे सांगतत, आवाज अगदी वसंतासारखो."
मी म्हटलं असेल बाई. घागर तशीच रिकामी घेऊन घरी आले.

१२ ऑगस्ट
हे दोनदा खळ्यात जाऊन आले. नारळ अजून तिथेच आहे. विड्या नाहीत. ह्यांच्या सदऱ्याला वास येतोय. विचारलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
आज पाप केलं. किंवा पुण्य. माहीत नाही.
संध्याकाळी भिंतीला कान लावून होते (उगीच नाही, पापड तिथेच वाळत घातले होते). वयनी भावोजींना विचारत होती, "औंदा गणपतीक जातालात मा?"
"बोलवल्याशिवाय जावचंय नाय."
मी लाल बटण दाबलं. पलीकडे काळोख.
"बरा बरा! जातंय!"
लावली.
"पण वसंतान बोलवूक व्हया."
घालवली.
"मंगल, राखणदार माझ्याच पाठी लागलो काय गो? तेका सांग वसंताक जाऊन सांग म्हणान!"
मी रिमोट पदरात घेऊन बसले. पुढे काय दाबणार? रात्री जेवताना ह्यांना सहज विचारलं, भावोजींना बोलवायचं का गणपती आणायला. ताट सरकवलं ह्यांनी.
"मोठ्या भावाक आमंत्रण? घर तेचा, देव तेचो. आमंत्रण परक्याक देतत. मी बोलवलंय तर तो पावणो झालो."
आणि पलीकडे आमंत्रणाशिवाय येणार नाहीत. दोघंही बरोबर. दोघांनाही लाटण्याने हाणावंसं वाटतं. देवघरात राखणदाराची माफी मागितली, त्याचं काम मी करते म्हणून.

२० ऑगस्ट
बाबलो आपण होऊन आला. "वयनी, दोन्ही घरांचो कोड एकच रवलो. सिग्नल भिंतीतून पलीकडे जाता. बदलतंय, वेळ लागाचो नाय."
मी त्याला खुणा करतेय, गप्प, गप्प. हे मागे उभे. सगळं ऐकलं.
मला वाटलं आता भूकंप. हे खुर्चीत बसले. रिमोट हातात घेऊन फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बत्ती मी घालवी होतंय. आणि दादाक माहीत नव्हता."
"नव्हतं."
"मगे तो गाऱ्हाण्यात बोललो, ता माका ऐकवूक नव्हता."
"नव्हतं हो."
"खरा बोललो तो."
डोळे पुसले चक्क. माझ्यासमोर. मग बाबल्याला म्हणाले, "कोड रवांदे तसोच."
बाबलो चहा न घेता गेला, पलीकडे गेला. तिथे काय बोलला देव जाणे. बोलल्याशिवाय राहणारा नाही तो.

२३ ऑगस्ट
गणपतीवरच्या माटवीला फळं बांधायला काढली. यंदा लायटींची माळ कुठली? विचारलं तर हे म्हणाले, "साधी. पिवळी. न पळणारी." माळ्यावरून स्वतः काढली, पुसली. पाठ धरून बसले मग.
पण तोंडाने काही नाही. पलीकडे जायचं म्हटलं की पाय जड.
मी रिमोटला हात लावला नाही पाच-सहा दिवस. पलीकडे बत्ती अगदी शहाण्यासारखी चालू आहे. वयनी म्हणते राखणदार शांत झाला. भावोजी मात्र बत्तीकडे बघत बसतात म्हणे, जाते का म्हणून.

२६ ऑगस्ट, हरितालिका
उपास. डोकं दुखतंय, पण लिहिते.
तिन्हीसांजेला हे पडवीत बसले. रिमोट मांडीवर. बघितलं, बघितलं, आणि लाल बटण दाबलं. कुंकवामुळे दाबलं गेलं नाही, परत दाबलं. आमचा उजेड गेला, पलीकडचाही गेला.
पाऊस बारीक.
मग भिंतीपलीकडून, सरळ, कोणाला "सांग" नाही, काही नाही:
"वसंता. बत्ती लाय रे. वाचतंय मी."
दोन वर्षांनी. असा आवाज, जसा कालच जेवायला हाक मारली होती.
हे लहान पोरासारखे दचकले. लावली.
थोड्या वेळाने पलीकडून बटण दाबलं गेलं, आमची पडवी गेली. काळोखात बसलो दोघं.
"दादा!" हे ओरडले.
"काय रे?"
ह्यांच्या तोंडावर आलं होतं, मी बघत होते. उद्या सकाळी गणपतीच्या शाळेत जायचंय. येतोस ना. एवढंच. नाही निघालं.
"काय नाय. लाय."
लागली.
मग काय, दोघं म्हातारे लागले. ह्यांनी घालवायची, त्यांनी घालवायची. पलीकडे मंगलवयनी प्रत्येक वेळी बत्ती लागली की "नमस्कार, नमस्कार" करतेय ते ऐकू येत होतं. मी उपाशी पोटी भिंतीला टेकून हसले, मग रडले.
उद्याचं कोणीच बोललं नाही.
झोपायच्या आधी मागच्या दाराशी वयनी आली. विहिरीवर नाही, दाराशी. साडीचा ओचा भिजलेला.
"सुलू, चुंबळ आसा गो? मूर्तीखाली डोक्यार घालूक."
कोणाच्या डोक्यावर ते तिने सांगितलं नाही. माझी जुनी सुती साडी फाडून सकाळीच वळून ठेवली होती. दिली.