लंगडण्याचं सोंग

दादा,

हे पत्र मी काही टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहितो. काल तुझ्याकडे लंगडत आलो ते निव्वळ सोंग होतं. माझा पाय ठणठणीत आहे.

माझ्याही पायाची रक्तवाहिनी तुझ्यासारखीच तुंबली होती. पोटरीत गोळा आला की तू दुकानाच्या काचेत काहीतरी बघितल्यासारखं करत थांबायचास ना? मीही तेच करायला लागलो होतो. पण तुझ्या वेळी पाय कापण्यावाचून इलाज उरला नाही. माझ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी जांघेतून एक बारीक नळी आत सरकवली. तिच्या टोकाला सोनोग्राफीचं इवलंसं यंत्र होतं. पडद्यावर रक्तवाहिनी आतून बघत बघत त्यांनी साचलेला थर खरवडून काढला. मी जागाच होतो. संध्याकाळी इतके दिवस गार पडलेला पायाचा तळवा गरम लागला आणि आनंद व्हायच्या आधी तुझा चेहरा आठवला.

म्हणून तुझ्या दारात लंगडलो. तू कुबडी टेकत उठलास, मला स्वतःची खुर्ची दिलीस, आणि मी निर्लज्जासारखा बसलोही!

निघालो तेव्हा तू मागून हसत म्हणालास, "येताना उजवा पाय दुखत होता, आता डावा? अरे, नीट चाल की. बघू दे मला."

मला तेवढंही जमलं नाही, दादा. गल्लीच्या वळणापर्यंत मी लंगडतच गेलो, आणि तू दारात एका पायावर बघत उभा होतास.

तुला तोंड दाखवायची लाज वाटणारा,
तुझा धाकटा