नऊ इंचांवर धोका

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्या भावजयीचा साष्टांग नमस्कार (अगदी खराखुरा साष्टांग, सध्या आमच्या घराचा सगळा कारभार जमिनीवरूनच चालतो). तुमचा गुडघा आता कसा आहे? तुमच्या बंधूंचे दोन्ही गेले.

झालं असं, की आमची लेक पहिल्या तारखेपासून पुन्हा कामावर जाणार. नात नऊ महिन्यांची, नुकतीच रांगायला लागलेली. लेकीने बजावलं, की रविवारी येऊन घर बघेन. बाळाला धोका नसेल तर ती आमच्याकडे, नाहीतर पाळणाघरात. मी आपली केर काढायला लागले. तुमच्या बंधूंना मात्र चेव चढला. तीस वर्षं कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते ना! वही आणि बॅटरी घेऊन दोन दिवस घरभर रांगले (बाळाच्या उंचीवरून पाहणी म्हणे) आणि एक्केचाळीस धोके शोधून काढले. त्यात तेविसावा मी, म्हणजे माझी विणकामाची पिशवी.

मग टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, प्लगांना झाकणं, स्वयंपाकघराला गुडघाभर उंचीचं फाटक, कपाटांना आकडे. साखरेच्या डब्यापर्यंत पोहोचता न आल्याने मी चार दिवस बिनसाखरेचा चहा पितेय. कमोडच्या झाकणालासुद्धा कुलूप! शेजारचे शिंपीकाका परवा घाईघाईने आत गेले आणि तिथूनच हाका मारू लागले. हे बाहेरून शांतपणे सूचना देताहेत: आधी दाबा, मग फिरवा, मग उचला. काका सुसाट स्वतःच्या घरी पळाले, ते अजून तोंड दाखवत नाहीत.

एवढ्यावर थांबतील तर ते तुमचे बंधू कसले? जमिनीपासून बरोबर नऊ इंचांवर त्यांनी घरभर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. "धोका." "परवानगीशिवाय हात लावू नये." मी विचारलं, अहो, हे वाचणार कोण? म्हणाले, सूचना लावणं आपलं काम, वाचणं समोरच्याचं.

रविवारी लेक आली. आकडे ओढून पाहिले, खूश झाली, बाळाला खाली ठेवलं. बाळाने खेळण्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. तडक एका "धोक्या"पाशी गेली, नखाने कोपरा सोडवला आणि धोका तोंडात घातला! लेकीने बोट घालून तो काढला. हे मदतीला धावले ते फाटकात अडकून आडवे, डोकं टेबलाच्या कोपऱ्यावर. (स्पंजामुळे वाचले. पडल्या पडल्या वहीत लिहिलं, "उपाय यशस्वी.") लेक मला म्हणाली, "आई, घर झकास आहे. बाबांचं काहीतरी कर, तरच बाळ आणते."

तेव्हापासून बिचारे पालथे पडून चिठ्ठ्या खरवडताहेत. जेवणात लक्ष नाही. मला फार वाईट वाटतं.

आपली,
धाकटी

ता. क. : पत्राचं खरं कारण हे, की महिनाभर त्यांना तुमच्याकडे बोलवून घ्या. नातीला पाळणाघरात जाऊ देणं माझ्याच्याने होणार नाही.

ता. क. २ : पत्र टाकायचं राहिलं होतं. आज लेक पुन्हा आली. हे शेवटची चिठ्ठी खरवडत पालथे होते, नात त्यांच्या पाठीवर चढली आणि तिथेच झोपली. लेक हळूच म्हणाली, "बाबा, हलू नका. पहिल्या तारखेला आणते." दीड तास झाला, हे हललेले नाहीत. पत्र टाकायला मीच जातेय. ताई, बोलावणं राहू द्या, भाऊ मिळणार नाही.