रिकामी पाचर

३ मार्च
पोहोचले. वनकेंद्राचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा, खिडकीसमोर थेट जंगल. खिडकीजवळची कॉट मी ताईला न विचारताच अडवली. ताई इथे दोन वर्षं झाडं ओळखतेय. मोजणारं कोणी हवं होतं, म्हणून तिने मला बोलावून घेतलं. तिच्या मते, कोणाशी बोलावं लागत नाही अशी नोकरी मला अखेर मिळाली. मी वाद घातला नाही.

५ मार्च
पहिला स्कॅन. तिपाईवरचं यंत्र गोल फिरत लेझर सोडतं. किरण पान, फांदी, खोड जिथे आपटेल तिथे एक ठिपका. पडद्यावर लाखो ठिपक्यांचं जंगल उभं राहतं. त्यातून झाडांची उंची आणि थर कळतात, थरांवरून वनस्पतींच्या विविधतेचा अंदाज बांधायचा आणि ताईच्या नोंदींशी ताडायचा.

खोडामागे किरण पोहोचत नाही. तिथे ठिपक्यांविना, मागे रुंदावत जाणारी रिकामी पाचर उरते. आज एक पाचर जास्तीची निघाली. तिच्या टोकाशी खोडच नाही. शेजारच्या ठिपक्यांवरून ती भरून टाकली. ताईने विचारलं, ही कॉपी नाही का? मी सांगितलं, आमच्यात याला अंदाज म्हणतात.

९ मार्च
पाचर पुन्हा. काच पुसली, यंत्र फिरवून लावलं. पाचर जागची हलली नाही, म्हणजे दोष यंत्राचा नाही. उलट ती रुंद झालीय. अडवणारी वस्तू यंत्राजवळ आली की पाचर रुंदावते. साधी भूमिती. ताई म्हणाली, लाजाळू असेल बिचारं, हळूहळू ओळख होईल.

१२ मार्च
दोन ठिकाणांहून मोजून जागा काढली. नेच्यांच्या गचपणात आहे. खात्री करायला ताईला मोजणीचा दांडा देऊन तिथे उभं केलं. आमच्या खुणा ठरलेल्या: एक हात वर म्हणजे जागा बरोबर, डोक्यावर हातांची फुली म्हणजे येऊ नकोस. तिने हात वर केला, मला वेडावून दाखवलं, ओरडून सांगितलं की इथे काही नाही, जरा गार वाटतंय एवढंच.

स्कॅनमध्ये ताई नाही. नुसती पाचर.

१३ मार्च
ताई जेवत नाही. भूक नाही म्हणते. दाराजवळचा नेचा दाखवून तिने मला विचारलं, हे काय. मला. गेल्याच आठवड्यात त्याच नेच्यावरून तिने माझं डोकं खाल्लं होतं.

१४ मार्च
ती खुर्चीत बसलेली असताना खोलीचा स्कॅन घेतला. टेबल, कप, तिच्या चपला, सगळ्यांचे ठिपके आहेत. खुर्चीपासून भिंतीपर्यंत पाचर.

मीच तिला तिथे उभं केलं.

१५ मार्च
जंगलात पाचर नाही. नेच्यांत एका माणसाचे ठिपके. हातात दांडा. उंची ताईची, मिलिमीटरपर्यंत.

धावत गेले. कोणी नाही. हात फिरवले, नुसती गार हवा. हाका मारल्या—

१६ मार्च
प्रत्येक स्कॅनमध्ये ती आहे. तोंड माझ्याकडे. उघडं. सगळं मोजता येतं. करता काही—

१७ मार्च
घरातली म्हणते, आज दांडा तू धर, यंत्र मी लावते. ताईला यंत्र कधीच लावता आलं नाही.

यंत्र खिडकीत ठेवलंय. ठिपके येतायत. नेच्यांत ताई. दोन्ही हात डोक्यावर. फुली.

पण ती तिथे एकटी—

यंत्र खोलीकडे वळलं. पाचर. दारापासून— नाही, अर्धी खोली— एवढी रुंद म्हणजे ती माझ्या अगदी