यंदा सॉस नको

कार्व्हर, मॅसॅच्युसेट्स
१५ नोव्हेंबर १९५९

चि. लेम्पीस अनेक आशीर्वाद.

आईला टोलीडोची हवा मानवली हे वाचून बरं वाटलं. तिने तुझं स्वयंपाकघर एव्हाना ताब्यात घेतलं असेल आणि वॉल्टरच्या मापाचे लोकरी मोजे विणायला काढले असतील. त्याला म्हणावं, पळून जायचं तर अजून वेळ आहे.

इकडची बातमी तू रेडिओवर ऐकलीच असशील. पश्चिमेकडच्या काही क्रॅनबेरीत तणनाशकाचा अंश सापडला. त्याने उंदरांना कॅन्सर झाला म्हणे. झालं, माल कुठला ते कळत नसेल तर घेऊच नका, असं सरकारवाले सांगून मोकळे झाले. तेही ऐन थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर, घरोघरी टर्कीबरोबर क्रॅनबेरीचा सॉस होतो त्याच सणाला. दुकानदारांनी एका दिवसात फळ्या रिकाम्या केल्या. आपलं सगळं पीक कोठारात पडून आहे, न्यायला ट्रक येत नाही. तणनाशक मीही मारलं होतं, पण गेल्या वर्षी, तोडणी झाल्यावर, सांगितलं होतं अगदी तसंच. नमुने तपासायला दिलेत. सायमी दिवसातून दहादा कोठारात जाऊन येते. छोट्या मार्टाला तेवढं काही कळत नाही, ती खेळते.

नेहमीसारखी आपल्या क्रॅनबेरीची एक पेटी तुला पाठवतोय. वॉल्टरला डब्यातला, कापून घ्यायचा गुळगुळीत सॉस आवडतो आणि आईला ती साबणाची वडी वाटते. हे भांडण तुमच्या टेबलावर यंदाही होऊ दे. आपल्याच घरात सॉस वाढला नाही, तर परक्यांनी तो का खावा?

सर्वांना यथायोग्य सांग. लोभ आहेच, सध्या जरा जास्त लागेल.

तुझा
एनोदादा


टोलीडो, ओहायो
२८ नोव्हेंबर १९५९

ती. एनोदादास,
सा. न. वि. वि.

पेटी वेळेवर पोचली. वॉल्टर म्हणाला, डब्यातला नको, ताजा नको, यंदा सॉसच नको. त्याचा भाऊ बायकामुलांना घेऊन जेवायला येणार होता. पोरांना काही झालं तर भावाला काय तोंड दाखवू, असं त्याचं म्हणणं. मी आईला समजावलं. तिने मुकाट्याने ऐकून घेतलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी आम्ही चर्चला गेलो आणि तिने सॉस शिजवला. संत्र्याची साल घालून, बाबांना लागायचा तसा. आम्ही जेवायला बसलो तेव्हा काचेच्या वाडग्यात तो टर्कीशेजारी मांडलेला. जाऊबाईंनी धाकट्याची प्लेट अशी मागे ओढली, जणू वाडग्यातून ठिणगीच उडणार होती. वॉल्टरने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

दादा, वाडगा मी उचलला. वॉल्टरने नाही, मी. सिंकमध्ये ओतला आणि नळ सोडला.

आई जागची हलली नाही. फक्त मला कळावं म्हणून आपल्या फिनिश भाषेत म्हणाली, "लेम्पी, तो तुझ्या भावाने पिकवलाय."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. जेवायला खाली येत नाही. बॅग भरून पलंगाच्या पायथ्याशी ठेवलीय, आणि मला घरी पाठवा एवढंच वॉल्टरला सांगते. तू तिला दोन ओळी लिही, तुझं ऐकेल. मला हवं ते बोल, मी ऐकून घेईन. पण लिही.

सायमीवहिनींना नमस्कार, मार्टाला गोड पापा. लोभ ठेवशील ना?

लेम्पी


कार्व्हर
६ डिसेंबर १९५९

चि. लेम्पीस आशीर्वाद.

आपले नमुने साफ निघाले. परवा कळलं. व्यापाऱ्याला फोन केला, तर त्याने अभिनंदन केलं आणि माल पुढच्या वर्षी बघू म्हणाला. खालच्या पेट्यांना वास यायला लागला होता. काल आम्ही दोघांनी सगळं उचलून रेतीच्या खाणीत ओतलं. सायमी खोरं धरून शेवटपर्यंत उभी होती.

तुझं पत्र वाचून खूप संतापलो होतो. दोन पानं लिहिली, टोचून लिहिली. मग फाडली.

त्या गुरुवारी आमच्याकडेही सॉस झाला होता. मी दोनदा घेतला. मग मार्टाने प्लेट पुढे केली. तिला तो बटाट्यात कालवून लागतो. चमचा भरलेला होता, लेम्पी, आणि हात पुढे जाईना. शेत माझं, फवारणी माझ्या हातची. त्यात काही नाही हे मी गावभर सांगत हिंडत होतो. चमचा परत वाडग्यात ठेवला आणि तिला म्हणालो, "उद्या खा हं." ती बरं म्हणाली. सायमी उठून आत गेली. तिने अजून ती गोष्ट काढलेली नाही, मीही नाही.

आता तुला काय बोलणार? आणि आईला काय लिहिणार? दोन दिवस पेन घेऊन बसलो, पहिली ओळ सुचली नाही. वसंतात शेताकडे बघेन की नाही, माहीत नाही. आईला गाडीत बसवून दे, बॉस्टनच्या स्टेशनवर मी येतो. एनोने सॉस खाल्ला का, असं तिने विचारलं तर पोटभर खाल्ला म्हणून सांग. ते खरं आहे.

मार्टाचं तिला सांगू नकोस.

लोभ राहू दे.

एनो