यादीतला अनोळखी फोन

शनिवार, ३ मे २०२५

त्याला कळलं कसं?

आज सोसायटीच्या ऑफिसात चेअरमन शिवयोगी मला म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडं आमच्या रजिस्टरचे फोटो येतात म्हणे." आणि हसला. अर्ध्याच तोंडानं. मी विचारलं, कोण म्हणतं? तर म्हणे, "वाऱ्यावर कळतंय की सगळं!"

फोटो येतात हे खरं. महिना झाला. अनोळखी नंबरवरून. पाणी सोडण्याच्या रजिस्टरची पानं — पुढच्या बंगल्यांना चार तास, आमच्या मागच्या तीन गल्ल्यांना पाऊण तास. तेही चार दिवसांतून एकदा! एकशे चाळीस घरं! कोण पाठवतो, माहीत नाही. नाव विचारलं, तर एवढंच आलं — "नाव नको. पोटावर येईल." मी शब्द दिलाय. तुमच्या केसाला धक्का लागू देणार नाही. जीव गेला तरी.

हे फक्त मला आणि चन्नवीरला माहीत. अडतीस वर्षांच्या संसारात या माणसानं माझी एकही गोष्ट बाहेर सांगितलेली नाही. (मनात ठेवतो असं नाही. विसरतो.)

तो म्हणाला, "अगं, परवाच्या बैठकीत तूच तास-मिनिटांसकट आकडे सांगितलेस. आकडे काय आभाळातून पडतात?"

पटलं नाही. फोटो घरच्या वाय-फायवरून माझ्या फोनवर येतात. मध्ये कुणीतरी बसलंय.

रविवार, ४ मे

राउटर बघितला. सात वर्षांचा. धूळ पुसली तर खाली पिवळा पडलेला. आणि पासवर्ड? तो मीच करोनाच्या वर्षी गल्लीतल्या फळ्यावर खडूनं लिहिला होता, पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी. वर भाषणही ठोकलं — "ज्ञानाला कुलूप लावणाऱ्यांच्या रांगेत मी उभी राहणार नाही!" टाळ्या पडल्या होत्या. पासवर्ड आजही तोच.

चन्नवीर: "मग बदल की. दोन मिनिटांचं काम."

बदलला की चोर बाहेर जाईल. सापडणार नाही. मला तो सापडायला हवा! या डबड्यात तर कोण जोडलंय तेही दिसत नाही. नवा राउटर लागेल. चांगला. डोळे असलेला.

सोमवार, ५ मे

नवी पेठेत गुफरानच्या दुकानात दीड तास. माझा जुना विद्यार्थी, पण दुकानात बसला की तो मास्तर.

त्यानं तीन खोकी काढली. पहिल्याला सहा अँटेना, उलटा पडलेला खेकडा. गेम खेळणाऱ्यांसाठी म्हणे. दुसऱ्यात तीन डबे, घरभर ठेवायचे. आम्हा दोघांना? तिसरा फोनच्या ॲपवर चालणारा. त्यात आधी नाव, नंबर, ईमेल द्यायचं, मग घरातल्या सगळ्या उपकरणांची यादी कंपनीच्या सर्व्हरवर जाते. म्हटलं, माझ्या घरात कोण जागं आहे हे कंपनीला कशाला हवं? आधी राजे हेर पाठवायचे, आता हेर आपण विकत घेतो, वर त्याला पाच तारे देतो —

"मॅडम, पैले सुन तो लेव," गुफराननं हात जोडले. "भाषण बाद में."

मग मी विचारलं, भिंतीबाहेर याचं वाय-फाय किती जातं? जितकं कमी तितकं बरं.

तो बघतच राहिला. "बारा वर्षं झाली दुकानाला. सगळे विचारतात, किती लांब जाईल. किती जवळ थांबेल विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

काही घेतलं नाही. माहितीपत्रकं घेऊन आले.

मंगळवार, ६ मे

माहितीपत्रकांतल्या अटी वाचल्या. "सेवा सुधारण्यासाठी माहिती गोळा केली जाऊ शकते." कोण गोळा करणार? कर्ता गायब! अशी वाक्यं लिहिणाऱ्या माणसांशी मी चाळीस वर्षं भांडतेय.

बुधवार, ७ मे

पाण्याचा दिवस. संध्याकाळी पाच ते पावणेसहा. मल्लप्पा नेहमीसारखा व्हॉल्व्ह फिरवून आमच्या कट्ट्यावर टेकला. "बाई, सोडलंय पाणी. टाकी बगा तुमची." मी खिडकी लावून घेतली. सोसायटीचा पगारी माणूस, चेअरमनच्या हातचा. त्याच्यासमोर मी हल्ली फोनवरसुद्धा बोलत नाही. चन्नवीर त्याच्याशी मंगळवेढ्याच्या ज्वारीवर गप्पा मारतो. मारू दे.

फोटोही आला. शेजारच्या बजाबाईंची टाकी आजही अर्धीच भरली.

गुरुवार, ८ मे

मिळाला! चौथं खोकं गुफराननं माळ्यावरून काढलं. ॲप नाही, खातं नाही. सगळ्या सेटिंग घरच्या लॅपटॉपवरच उघडतात. कोण जोडलं, कोणत्या तारखेला, किती वाजता — नोंद राहते. नको असलेल्याला एका बटणानं बाहेर काढता येतं. पाहुण्यांसाठी वेगळं जाळं. सिग्नलचा जोरही कमी करता येतो. तो मात्र मी करू दिला नाही. पिंजरा लावायचा आणि दार बंद ठेवायचं, असं कुणी करतं?

गुफरान म्हणाला, "जुनंच नाव, जुनाच पासवर्ड ठेवू ना? नाहीतर टीव्ही, फोन सगळं परत जोडावं लागतं." म्हटलं, अगदी तोच ठेव!

रविवार, ११ मे

घरची उपकरणं पाच. दोन फोन, लॅपटॉप, टीव्ही, चन्नवीरचा टॅबलेट.

आज यादीत सहावं. ५ वाजून १२ मिनिटांनी आलं, ५.५० ला गेलं. नाव नाही, नुसतं फोनचं मॉडेल. कुठलातरी साधा फोन.

दोन्ही वेळांखाली रेघ मारली. रागानं.

गुरुवार, १५ मे

परत आला! ५.०८. मधल्या तीन दिवसांत एकदाही नाही. म्हणजे बरोबर पाण्याच्या दिवशी. का? सगळी गल्ली नळाला असते. कोण कुठं उभं आहे, कुणी बघत नाही. चोरानं वेळ काय निवडलीय!

दारात जाऊन बघितलं. बजाबाई पाइप धरून. समोरची रुक्साना हंडे लावत, कमरेला फोन खोचलेला. मल्लप्पा कट्ट्यावर, मान खाली, फोनमध्ये. कोपऱ्यावर चारजण, चौघांच्या हातात फोन. संशय घ्यायचा तर अख्खी गल्ली!

५.४० ला रजिस्टरचा फोटो आला. तो अनोळखी फोन तेव्हा जोडलेलाच होता. म्हणजे फोटो यायची वेळ त्याला माहीत आहे. वाटेतच उचलतोय. माझ्या शब्दावर जीव धोक्यात घालून पाठवणारा तो माणूस — आणि हा त्याच्या मागावर!

बटण दाबलं. बाहेर काढला.

चन्नवीर: "आधी कोण आहे ते बघायचं होतंस."

नाही. आधी माझा माणूस वाचला पाहिजे.

सोमवार, १९ मे

पाणी आलं. फोटो नाही.

मी मेसेज टाकला — "ठीक आहात ना?" उत्तर नाही.

शुक्रवार, २३ मे

पाणी आलं. फोटो नाही. उत्तर नाही.

धरलं त्याला. नक्की धरलं! त्या फोनवाल्यानं नाव पोचवलं असणार. जेवण गेलं नाही. परवा विशेष सभा. शिवयोगीला सगळ्यांसमोर विचारणार.

रविवार, २५ मे

आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण आज झालं. खोटी नम्रता कशाला?

आधी पाणी. मग म्हणाले, "या सोसायटीत फक्त पाणी चोरलं जात नाही, घराघरातलं बोलणंही चोरलं जातं!" मी राउटरच्या नोंदीचा कागद काढला. तारखा वाचल्या, वेळा वाचल्या, मिनिटांसकट. फोनचं मॉडेल वाचलं. "चेअरमनसाहेब, हा तुमचा कोण?"

शिवयोगी चिडेल वाटलं होतं. तो खुर्चीत पुढे सरकला. एकदम गोड आवाजात म्हणाला, "मॉडेल परत वाचा की मॅडम. तारखा पण, सावकाश. इतिवृत्तात घ्यायला पायजेत."

मी परत वाचलं. आणखी मोठ्यानं. सेक्रेटरीनं उतरवून घेतलं.

आणि मग त्यानं मान्यच केलं! सगळ्या गल्ल्यांना सारखं पाणी, दोन-दोन तास. ठराव एकमतानं. बजाबाईंनी मला मिठी मारली. रुक्साना म्हणाली, "बाजी, तुमच्या जिभेला सोन्यानं मढवायला पाहिजे."

इतक्या सहज का मानला तो? काहीतरी आहे यात.

मंगळवार, २७ मे

दोन तास पाणी! बजाबाईंची टाकी भरून वाहिली, तरी त्या नळ बंदच करेनात.

व्हॉल्व्हवर नवा माणूस. मल्लप्पा कुठं, विचारलं. "काढला त्याला." का? "म्हाईत न्हाय."

चेअरमनला स्वतःचाच माणूस नकोसा झाला? हाही डाव असेल.

बुधवार, २८ मे

मल्लप्पा आला होता. बायको-पोरांना घेऊन गावी चाललाय. दारातच उभा राहिला.

"बाई, फोटो मी पाठवत हुतो. दुसऱ्या सिमवरनं. टाकीपाशी रेंज न्हाय, म्हणून तुमच्या कट्ट्यावर बसून. वाय-फाय बंद झालं तवा वाटलं, बाईंनी वळखलं आपल्याला, आता थांब म्हणत्यात. लई बरं वाटलं बगा. नंबर बी बंद करून टाकला."

मग म्हणाला, "पर फोन सोसायटीनं दिलेला. आन् चेअरमनकडं सगळ्या तारखा हुत्या, मिनिटासकट. कुणी दिल्या असतील हो, बाई?"

मी म्हणाले, माहीत नाही.