तू खाली बसलीस तेव्हा

सुवा, १४ ऑगस्ट

लाडक्या तोरिकास,

बरी आहेस ना? तिकडे तवेउनी बेटावर यंदा अळूचे कंद चांगले आलेत, असं बोटीवरून आलेल्या लोकांकडून कळलं. इथे सगळं ठीक. माझे गुडघे तेवढे कुरकुरतात. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. रागावून लिहीत नाहीये.

शाळेतली नोकरी सुटल्यापासून मी मेडिकल कॉलेजात खोटी नातेवाईक बनते. हसू नकोस. मी पेशंटची मुलगी, आणि विद्यार्थी मला आई गेल्याचं सांगायला शिकतात. दहा मिनिटांनी घंटा वाजते, पुढचा येतो. दिवसाला आठ वेळा आई जाते. घरी येताना बसमध्ये डोळे उघडे ठेवणंही जड जातं.

स्पष्ट शब्द कानावर पडेपर्यंत मी काही कळल्याचं दाखवायचं नाही, असा नियम. परवा एक जण घाम पुसत म्हणाला, “मावशी, त्या आता आपल्यात नाहीत.”

“मग कुठल्या वॉर्डात हलवलं?”

“जरा विचारून येतो हं,” म्हणून तो पळालाच. शिकवणाऱ्या नायकरबाई तोंडावर रुमाल धरून बसल्या.

शेवटी मी प्रत्येकाला एवढंच सांगायचं: तू असं केलंस, तेव्हा मला असं वाटलं. ना शाबासकी, ना टीका.

मंगळवारी सातवी आली ती वासिती, लाउ बेटांवरची. मांडलेल्या खुर्चीकडे तिने पाहिलंच नाही. वाकून आत आली आणि माझ्यापाशी जमिनीवर बसली, मान खाली घालून. मग हळूच म्हणाली, “मावशी, वाईट बातमी घेऊन आलेय. तुमची आई वारली.”

“अगं, खुर्ची कशाला ठेवलीय? आणि डोळ्यांत बघून बोलायचं ना!” नायकरबाई म्हणाल्या.

“माफ करा, बाई. विसरलेच. आमच्याकडे अशी बातमी घेऊन माणूस जातो, आणि खाली बसतो.”

आमच्याकडे. तोरिका, आपल्याकडेसुद्धा.

“अकानिसी, सांगा तिला काय वाटलं ते,” नायकरबाई मला म्हणाल्या.

“तू खाली बसलीस तेव्हा मला...” वाक्य अर्धवट सोडून मी उठले. आठव्या विद्यार्थ्याला परत पाठवावं लागलं.

आपली आई गेली त्या सकाळी मी फोनवर घरच्या ग्रुपवर एक ओळ टाकली. सगळ्यांना एकदम. तू बाजारात होतीस, समोर गिऱ्हाईक उभं, हातात त्याचे कंद. हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. चार रात्रींचं जागरण झालं होतं, खरंय. पण तुमच्या गावच्या पाद्रीबाबांना फोन करून तुझ्याकडे जायला सांगायला कितीसा वेळ लागला असता? अंत्यविधीला तू आलीस आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मी मात्र दोन वर्षं सगळ्यांना सांगत फिरले, तोरिकाचा स्वभावच तिखट.

गुरुवारच्या बोटीने येतेय. तुझ्यासमोर चटईवर बसेन आणि सांगेन, आई वारली. तुला माहीत असलं तरी सांगेन. मग तू मला सांग, माझी ती ओळ वाचलीस तेव्हा तुला काय वाटलं. घंटा वाजणार नाही.

दार लावून घेतलंस, तर पायरीवर बसेन.

बातमी घेऊन उशिरा निघालेली,
तुझी अकानिसी