चौक हद्दीत घेतला

१२ नोव्हेंबर २००१
मार्चनंतर इथे एक ओळ लिहिली नाही. चुकलंच. मनात सारखा एकच माणूस होता आणि त्याच्याबद्दल जे यायचं ते कागदावर उतरवायची लाज वाटायची. आज लिहिते, कारण आज तो हरला.

शहराच्या वाहतूक समितीने धूरबंदी मंजूर केली. रविवार कारंजा ते अशोकस्तंभ. आत डिझेलची एकही सहा आसनी रिक्षा येणार नाही, त्याऐवजी सिटी बसच्या फेऱ्या वाढणार. आमचा चौक हद्दीत घ्यायचा की बाहेर ठेवायचा यावर बराच वेळ गेला. नागरिक प्रतिनिधी म्हणून मीच रेटून आत घ्यायला लावला.

आप्पाचा स्टँड त्या चौकात आहे.

१४ नोव्हें.
वसंतला सांगितलं. त्याने दम्याचा पंप ओढला, धाप कमी झाल्यावर म्हणाला, "जिंकलीस."
आपण जिंकलो, असं म्हणाला नाही.

सहा आसनीवाले इंजिन कधी बंद करत नाहीत. चालू असलं की लोकांना वाटतं आता निघेल, म्हणून त्यातच बसतात. मग गाडी भरेपर्यंत सगळा धूर आमच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात. नवरा दम्याचा, दोन वर्षांपूर्वी हात जोडून सांगायला गेला. आप्पा म्हणाला, "सर, गाडी बंद केली तर शीट बसत नाय." त्याच्या तिथे पाच-सहा गाड्या, सगळा स्टँड त्याचा. त्याने एक गाडी मागे घेतली, सायलेन्सर आमच्या दाराशी आणला आणि रेस दिली. सगळे हसले. मी आत गल्ल्यावर होते. वसंतही हसला, खोकत खोकत.

धूर एक वेळ विसरेन. वसंतला तसं हसायला लावलं, ते नाही. त्याच वर्षी दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच.

२ डिसेंबर
काल धूरबंदी सुरू. कॉलेजमधून मुद्दाम बसने आले आणि चौकात उतरले. बसवर पिवळी पाटी, हार. स्टँड रिकामा, जमिनीवर नुसते तेलाचे डाग. आप्पा टपरीवर चहा घेत उभा.
"या, वहिनी."
अजूनही वहिनीच म्हणतो. मी म्हटलं, "काय आप्पा, शीट बसतात का आता?"
टपरीवाला फिस्सकन हसला. आप्पाने कप खाली ठेवला.

ते वाक्य मी आठवडाभर घोटत होते. घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते. मग विचारलं स्वतःला, हा आनंद हवा स्वच्छ झाल्याचा का? नाही. त्याचा पडलेला चेहरा बघितल्याचा. इथे तरी खोटं नको. आणि आनंद काही कमी होत नाही, तेही खरं.

२० डिसें.
वसंतने शटर उघडलं! विकायला काही नाही. नुसती खुर्ची टाकून रस्ता बघत बसला. पंप घरीच राहिला होता, मी धावत घेऊन गेले तर म्हणाला, "असू दे खिशात. लागला नाही."
रात्री जेवताना बोलला, जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी थोड्या वह्या भराव्यात का?
किती दिवसांनी पुढचं काही बोलला.

९ जानेवारी २००२
हद्द वाढवायचा प्रस्ताव. गंगापूर रोडने पुढच्या नाक्यापर्यंत. आप्पा इथून उठला म्हणजे नाक्यावर गेला असणार, तिथूनही उठवायचा. मी हट्टच धरला. बस डेपोचे साहेब म्हणाले, "मॅडम, बघतो. गाड्या कुठून तरी ॲडजस्ट करतो."
कुठून, ते मी विचारलं नाही. एरवी वर्गात असं मोघम उत्तर खपवून घेत नाही मी.

२६ जाने.
सुट्टी. धाकटी बहीण शैला आली. राहते देवळाली कॅम्पला, नोकरी शहरात. आल्या आल्या पर्स फेकली. "ताई, आमच्या बस कुणी पळवल्या गं?"
"म्हणजे?"
"तुमच्या धूरबंदीच्या पिवळ्या पाट्या लावून फिरतात ना, त्या आमच्या कॅम्पच्या गाड्या आहेत. मागच्या बाकावर माझ्या दिवट्या पोराने खिळ्याने स्वतःचं नाव कोरलंय. आज तुझ्या चौकापर्यंत त्याच बाकावर बसून आले!"
"मग कॅम्पहून येतेस कशी?"
"सहा आसनीने. एकेकाच्या मांडीवर बसून. आप्पा म्हणून कोणी आहे, त्याच्या गाड्या लागतात हल्ली बसस्टॉपवरच. इंजिन चालू ठेवून उभा असतो मेला. बस येतच नाही, करणार काय?"
मी चहा टाकायला आत गेले.

नाक्यावर नाहीच तो. मी त्याला उठवला आणि पूर्ण कॅम्प त्याला आंदण दिला.

१ फेब्रुवारी
दारात आप्पा. हातात पेढे.
"वहिनी, नवीन गाडी घेतली. तोंड गोड करा."
मी हात पुढे केला नाही. म्हणाला, "तुम्ही वाढवा हद्द, बिनधास्त. पार गंगापूरपर्यंत न्या. आपलं लय चांगलं चाललंय. राग नाय आपला."
आतून वसंत बाहेर आला, त्याने पेढा घेतला. "अभिनंदन, आप्पा."
दार लागल्यावर मी ओरडले त्याच्यावर. तो म्हणाला, "अगं, त्याच्या नावाने आता मला दम लागत नाही. तुला लागतोय."

४ फेब्रु.
डेपोच्या साहेबांना गाठलं. कॅम्पच्या गाड्या कॅम्पला परत द्या म्हटलं. "देतो की. गाड्या आहेत तेवढ्याच आहेत, मॅडम. तिकडे दिल्या की तुमच्या चौकात लोक कशाने जाणार? सहा आसनी परत आत सोडाव्या लागतील. तुम्ही मीटिंगमध्ये सांगा, कुठलं करू?"

म्हणजे कॅम्पला बस गेल्या तर आप्पाचा तिथला धंदा बसतो. कसा बसेल ते डोळ्यांपुढे आणून बघितलं, गोड वाटलं. आणि मग तो पेढे वाटलेल्या नव्या गाडीसकट आमच्या दाराशी उभा, इंजिन चालू. बस इथे राहिल्या तर वसंतच्या जूनमधल्या वह्या. आणि शैला कुणाच्या तरी मांडीवर, धूर खात. तिच्याबरोबर सगळा कॅम्प. त्यांचं कोणी समितीत नाही.

मी आधी नव्या बस मागायला हव्या होत्या, मग हद्द. भूगोल शिकवते मी. मला नकाशात फक्त चौक दिसत होता, कारण त्यात तो उभा होता.

मीटिंगमध्ये काय बोलणार ते अजून ठरत नाही. जे बोलेन त्यात आप्पा किती आणि शैला किती, हे मला तरी कळलं पाहिजे. वसंत शेजारच्या खोलीत झोपलाय. श्वासाची घरघर नाही.

उद्या : मीटिंगच्या आधी कॅम्पच्या बसस्टॉपवर जाऊन उभं राहायचं.